बदली पेशंट

माझ्या मामेसासऱ्यांनी जन्मात कुणाला सुखासुखी आराम करू दिला नाही. पाय दुखावलेल्या माणसाला सगळं जग पडून राहायला सांगतं, शिरा करून घालतं, उशाशी बसून वारा घालतं, मामा त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून म्हणत, "उठा, भिंतीपर्यंत जाऊन या." परभणीत स्टेडियमच्या मागच्या गल्लीत त्यांचा खेळाडूंचा दवाखाना होता. कबड्डीत गुडघा गेलेली, खो-खोत घोटा मुरगळलेली, कुस्तीत खांदा निखळलेली पोरं जिल्हाभरातून तिथे येत आणि घाम गाळून परत जात. पाटीवर 'खेळाडूंच्या दुखापतींवर व्यायामोपचार' असं लिहिलेलं होतं. लांबून त्यातला 'व्यायाम' एवढाच भाग वाचता येई, त्यामुळे काडीपैलवान मुलांचे वडील 'याला जरा अंगानं भरवा' म्हणून मुलं घेऊन येत. मामा त्यांना परत पाठवत नसत. मुलाला बाजूला उभं करून ते वडिलांनाच उठाबशा काढायला लावत आणि म्हणत, "घरी तुम्ही कराल तर तो करील." असे वडील बहुधा पुन्हा त्या गल्लीत दिसत नसत.

दवाखान्यात बसायला काहीही नव्हतं. आधी म्हणे एक लांब बाक होता, पण लंगडत आलेली पोरं त्यावर बसून गप्पा हाणतात असं दिसल्यावर मामांनी तो समोरच्या चहावाल्याला देऊन टाकला. तेव्हापासून ज्याचा नंबर यायचा असेल तो भिंतीला हात टेकून चांगल्या पायावर उभा राही, आणि रस्त्याने जाणाऱ्या नव्या माणसाला वाटे की ही कुठलीतरी फार कडक शाळा आहे. या बाकाची हकिगत मला माहीत नव्हती, तरी तिनेच माझं लग्न जमवलं. मी नागपूरला फिजिओथेरपी शिकून नुकतीच घरी आले होते. बघायला आलेल्या मंडळींनी स्वयंपाकाचं विचारलं, भरतकामाचं विचारलं. मामा इतका वेळ भिंतीपाशी उभे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की घोटा मुरगळलेला पोरगा खुर्चीत बसायचा हट्ट धरायला लागला तर काय कराल. मी म्हणाले, खुर्ची काढून घेईन. मामा माझ्या होणाऱ्या सासूबाईंकडे वळले आणि म्हणाले, "अक्का, मुलगी पसंत आहे." नवऱ्या मुलाचं मत त्यानंतर विचारण्यात आलं.

लग्न झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात मी दवाखान्यात रुजू झाले. घरी मामा मला सूनबाई म्हणत, दवाखान्याच्या उंबऱ्याच्या आत बाई म्हणत आणि या दोन्हींत कधी चूक करत नसत. दवाखान्यात मी एकदा, संध्याकाळी भाजी कुठली आणू, असं विचारलं तर म्हणाले, "ते घरी विचारा, बाई." घर आणि दवाखाना यांतला हा फरक ते फक्त माझ्यापुरताच पाळत. बाकी सगळं जग त्यांच्या दृष्टीने दवाखान्यातच होतं. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांच्या मागे फिरून ते "कमरेत नाही, गुडघ्यात वाका" असं सांगत, आणि तोवर त्यांच्या पानातला भात गार होई. गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांच्या अंत्ययात्रेत पुढच्या दोघांची उंची जुळत नव्हती. मामांना ते बघवेना. त्यांनी यात्रा थांबवली, खांदेकऱ्यांना उंचीप्रमाणे लावून घेतलं आणि रडणाऱ्या थोरल्या मुलाला हळूच सांगितलं, "पाठ ताठ ठेव बेटा, वजन मांड्यांवर घे." लोक हळहळले, कुणी दातओठ खाल्ले. तेराव्याला तोच मुलगा मामांना बाजूला घेऊन म्हणाला, की पाठ अजिबात दुखली नाही.

ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून गावंच्या गावं दुभंगलेली. कधी बंद, कधी एसटी अडवलेली, आणि शेजारशेजारच्या वस्त्यांतली पोरं बाहेर एकमेकांकडे बघायला तयार नसत. दवाखान्यात मात्र काही व्यायाम जोडीनेच करावे लागत. एकाने पालथं पडायचं, दुसऱ्याने त्याचा घोटा धरून ठेवायचा. जोड्या लावताना मामा फक्त उंची आणि वजन बघत. एकदा एका पोराने समोरच्याचा पाय धरायला नकार दिला. कारण त्याने सांगितलं नाही, पण ते सगळ्यांना कळलं. मामा पुढे झाले. ते स्वतः खाली बसले, त्या दुसऱ्या पोराचा घोटा धरला आणि नकार देणाऱ्याला म्हणाले, "तुझ्या गुडघ्यालाही कुणीतरी असाच धरून ठेवावा लागेल. मी आता मोकळा नाही." पोरगा बराच वेळ भिंतीला हात लावून उभा राहिला. मग येऊन खाली बसला आणि मामांनी त्याला जागा करून दिली.

हे सगळं मी समजून घेतलं. माझं आणि त्यांचं वाजलं ते बदली पेशंटवरून. आमच्याकडे खेड्यात औषध आणायला आजाऱ्यानेच गेलं पाहिजे असं कुणी मानत नाही. ज्याला बाजाराला जायचं असेल तो येताना घरच्या सगळ्यांच्या गोळ्या घेऊन येतो. तोच रिवाज लोकांनी आमच्या दवाखान्यालाही लावला. गुडघा एकाचा दुखावलेला असे आणि त्याचा भाऊ, चुलता नाहीतर शेजारी येऊन म्हणे, "त्याला येनं व्हईना, मी आलोय. काय द्यायचंय ते माझ्याजवळ द्या." असा पहिला माणूस आला तेव्हा मी त्याला नीट समजावून सांगितलं की गोळी दुसऱ्याच्या हाती पाठवता येते, व्यायाम पाठवता येत नाही, गुडघ्याने स्वतः यायला पाहिजे. तो बिचारा निघाला. मामांनी त्याला चौकातून परत बोलावून आणलं, टेबलावर बसवलं, पायाला वाळूची पिशवी बांधली आणि भावाच्या गुडघ्याचा सगळा व्यायाम त्याच्याकडून करून घेतला. माझं तोंड बघून म्हणाले, "बाई, व्यायाम कागदावर लिहून पाठवला की घरी कागद पोचतो. अंगात घालून पाठवला की व्यायाम पोचतो." खांदा निखळलेल्या एका व्हॉलीबॉलपटूचे काका तर मोठे कर्तव्यदक्ष निघाले. शिकवलेलं विसरू नये म्हणून ते एसटीतही हात गोल फिरवत जात आणि त्यांच्या बाकावर सहसा दुसरं कुणी बसत नसे.

अशातच एका नागपंचमीच्या सामन्यांत झरीच्या पुढच्या वस्तीवरच्या एका मेंढपाळ घरातल्या पोराचा गुडघा गेला. कबड्डीत चांगला चढाई करणारा पोरगा. पहिल्या वेळी त्याला त्याची आई घेऊन आली. पुढच्या बाजारच्या दिवशी आई एकटीच आली. बाप मेंढरांमागे आणि पोरगा घरी कोकरं राखत बसलेला, दोघं आले तर कोकरांना कोण बघणार, असा तिचा सरळ हिशेब होता. "मी बाजाराला येतेच की," ती म्हणाली, "मला द्या." मामांनी तिच्या लुगड्यावरूनच घोट्याला वाळूची पिशवी बांधली. खेळाडू पोरांच्या रांगेत टेबलावर बसून ती बाई पाय सरळ करू लागली. चेहऱ्यावर हसू नाही, लाज नाही. एखादा निरोप तोंडपाठ करावा तसं तिने ते सगळं मनात साठवलं. शेवटी विचारलं, किती वेळा करायचं. मामा म्हणाले, दमेपर्यंत. ती म्हणाली, "मी दमत न्हाई."

ती गेली तेव्हा मामा दारात उभे राहून तिच्या चालण्याकडे बघत होते. मग त्यांनी मला बोलावून तिचा डावा पाय दाखवला. टाच जमिनीला टेकतच नव्हती. ती चवड्यावर चालत होती. कधीतरी घोट्यापाशी हाड मोडलं असणार, ते आपोआप जसं जुळलं तसं जुळलं, आणि मागची पोटरी आखडून बसली होती. अशीच चालत राहिली तर आधी गुडघा आणि मग खुबा कामातून जाणार, असं मामा म्हणाले. पुढच्या खेपेला त्यांनी तिला स्पष्टच विचारलं. तिने आधी इकडेतिकडे बघितलं. मेंढ्याने धडक दिली होती, लय वर्षं झाली, एवढं सांगून तिने पाय लुगड्याआड घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या पायाचं नाव काढू नका, सर. सुगी झाली की आमी मेंढरं घेऊन भायेर पडतो, ते पार पावसाळ्याला घरी. सासूचा पाय गेला तवा तिला मागं ठेवलं. एकली. दुसऱ्या वर्षी आमी यायच्या आतच ती गेली. माझा इलाज चालू हाय म्हणलं की मालक म्हणतेल, यंदा तू बी ऱ्हा मागं."

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, मग पोराचा पाय बघू." त्यांनी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, दोन्ही हात भिंतीला टेकवायला लावले, डावा पाय मागे घेऊन टाच खाली दाबायला सांगितली. हा नवीन व्यायाम आहे, पोरासाठी, असं ते मोठ्याने म्हणाले. पोराचा उजवा गुडघा दुखावलेला होता आणि आई डावी पोटरी ताणत होती. तिथे हजर असलेल्या एकाही पेशंटला त्यात काही वावगं वाटलं नाही. फक्त मला वाटलं.

त्या दिवसापासून पोराचे उपचार वाढतच गेले. त्याच्या गुडघ्यासाठी आईच्या घोट्याला मेणाचा शेक मिळू लागला, कारण किती ऊन सोसतं ते आईला कळायला नको का. त्याच्या गुडघ्यासाठी तिची पोटरी मामा हाताने मोकळी करू लागले, कारण घरी तिलाच करायची होती. मी एकदा म्हणाले, की हे खोटं आहे. मामा गंभीरपणे म्हणाले, "बाई, पेशंट तिचा मुलगा. आपण नियमानंच चाललोय." बाई दर बाजारी येत होती. येताना कधी तिच्या ओटीत शेंगा असत, कधी नसत. श्रावण संपून पोळा गेला, गणपती उठले, आणि तिची टाच हळूहळू खाली यायला लागली. पण अजून टेकत नव्हती.

पंचाईत अशी झाली की नवरात्र बसेपर्यंत पोरगा ठणठणीत बरा झाला. आई जे शिकून जाई ते त्याच्याकडून करून घेण्यात तिने कसूर केलीच नव्हती. हे कळताच मामा स्कूटर काढून झरीकडे गेले, पोराला गायरानात एकट्याला गाठलं आणि सगळं समजावून सांगितलं. पोरगा आईवेडा, लगेच तयार झाला. अडचण एकच होती. "सर, मला खेळता येतंय, धावता येतंय," तो म्हणाला, "लंगडता येत न्हाई." मग ज्या माणसाने आयुष्यभर लोकांचं लंगडणं घालवलं त्याने त्या गायरानात मेंढरांसमोर लंगडून दाखवलं. परत आल्यावर मामा मला म्हणाले, की पोरगा चढाईत हुशार आहे, पण नाटकात ढ. ते खरं निघालं. पुढच्या खेपेला आई काळजीनं सांगत होती, की पोरगं कधी ह्या पायानं लंगडतंय, कधी त्या. मामांनी 'असं होतं कधीकधी' म्हणून तिची पोटरी ताणायला घेतली.

दिवाळी तोंडावर आली होती. सुगी आवरली की वस्तीवरची मेंढरं निघणार होती आणि मामांना आणखी थोडी मुदत हवी होती. नेमकं तेव्हाच जिंतूरकडच्या एका कबड्डीपटूने सगळं मोडलं. तो भिंतीपाशी एका पायावर उभा राहून सामन्यांच्या गोष्टी सांगत होता आणि सांगता सांगता या पोराचं नाव घेऊन म्हणाला, "परवा आमच्याकडं येऊन खेळला ना त्यो. एकटा तिघांना घेऊन पडला." बाई तेव्हा भिंतीला हात लावून टाच दाबत उभी होती. ती तशीच राहिली. मामांना खोटं बोलायची सवय नव्हती हे तेव्हा सगळ्यांना दिसलं; ते म्हणाले, "म्हणजे अजून दोन महिने तरी लागतील." बाईने हात खाली घेतले, मामांकडे एकदा नीट बघितलं, गाठोडं उचललं आणि गेली. पुढच्या बाजारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मामांची ती दिवाळी वाईट गेली. चकल्या त्यांनी उभ्यानेच खाल्ल्या, पण लक्ष नव्हतं. बाई रागावली, असं ते घरी मला चारदा म्हणाले आणि दवाखान्यात एकदाही नाही. झरीला जाऊन विचारावं तर तिच्या नवऱ्यापुढे काय सांगायचं, हा प्रश्न होता. टाच टेकायला थोडंच राहिलं होतं, आणि तेवढ्या थोड्यावर ती मागं राहणार की निघणार हे ठरायचं होतं. मलाही त्या दिवसांत झोप नीट लागत नव्हती, हे कबूल करायला हरकत नाही. खोटं म्हणून मी ज्याला नाकं मुरडली ते आणखी थोडे दिवस टिकायला हवं होतं, असं मला मनापासून वाटत होतं.

पुढे सेलूला कबड्डीचे सामने होते. पोरांच्या दुखापती बघायला मामांना तिथे दरवर्षी बोलावणं असे, आणि त्या वर्षी त्यांनी मलाही बरोबर घेतलं. सामने संपले तरी ते परभणीकडे निघेनात. म्हणाले, देवगाव फाट्यावर चहा फार चांगला मिळतो. माझ्या माहितीत या माणसाने चहा कधी तोंडाला लावलेला नव्हता. तरी आम्ही फाट्यावर गेलो, त्यांनी दोन चहा सांगितले आणि कप समोर ठेवून जिंतूरच्या रस्त्याकडे बघत उभे राहिले. तिकडून मेंढरं येत होती. एक कळप गेला, मागून दुसरा गेला. घोड्यांवर संसार लादलेला, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, जाळीतून डोकी काढणारी कोकरं, आजूबाजूला कुत्री. बायका घोड्यांबरोबर चालत होत्या. मामा प्रत्येकीच्या पायांकडे बघत होते आणि चहावाला मामांकडे संशयाने बघत होता.

दुपार कलल्यावर आणखी एक कळप आला. पुढे पोरगा होता, खांद्यावर काठी, कुठल्याच पायाने न लंगडणारा. मधे त्याचा बाप. आणि सगळ्यांच्या मागे, धुरळ्यात, घोड्याचा दोर धरून ती बाई. मामांनी चष्मा पुढे ओढला. बाई जवळ येत गेली आणि मामा अगदी हळू आवाजात म्हणाले, "टाच टेकायलीय."

तिने आम्हाला ओळखलं. मेंढरं थांबत नव्हती म्हणून तीही थांबली नाही. नवरा पाच-दहा पावलं पुढे होता, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पोराचा पाय लय बरा हाय, सर."

"भिंतीचा व्यायाम सोडू देऊ नका त्याला," मामा म्हणाले.

"रानात भित कुठली? बाभळीला हात लावून करतंय त्यो. रोज."

एवढंच बोलून ती पुढे गेली. मला भर रस्त्यात मामांच्या पाया पडावंसं वाटलं, पण कसं वाकायचं ते त्यांनी तिथेच शिकवलं असतं, म्हणून मी ते टाळलं. मामा रस्त्याकडे पाठ करून धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. कळप वळणापाशी पोचला तेव्हा त्यांनी तसंच पाठमोरं राहून विचारलं, "मागं वळून बघितलं का तिनं?" मी म्हणाले, हो, आत्ताच. "कुठल्या पायावर वळली?" आता आली का पंचाईत. मी तिचा पाय बघितलाच नव्हता, चेहरा बघत होते. मी तसं सांगितलं आणि बोलणी खायच्या तयारीने उभी राहिले.

मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "चेहरा कसा होता, सूनबाई?"

"हसत होती," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, आणि दोन्ही चहाचे पैसे देऊन एसटीच्या थांब्याकडे चालू लागले.

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. दवाखाना मी चालवते आणि कुणाच्याही बदली कुणीही आलं तरी टेबलावर घेते. बाई पुन्हा कधी आमच्याकडे आली नाही. यायचं कारण उरलं नव्हतं. सुगी सरल्यावर मेंढरं रस्त्याला लागली की माझी गाडी मी कडेला घेते, आणि कळप पूर्ण निघून जाईपर्यंत मागून येणाऱ्या बायका बघत उभी राहते. ती आता म्हातारी झाली असेल. दिसली तर तिच्याबद्दल मी काहीही विचारणार नाही. पोराचा पाय कसा आहे, एवढंच विचारीन.